अर्धं पाणी

रिचफिल्डहून पहाटे निघालो तेव्हा
बापाने दुधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरलं,
डबा स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरला
आणि जाड काळ्या पेनाने मधोमध रेघ ओढली.
"पाणी इथवर आलं की मागे फिरायचं.
कुठेही असलो तरी."
खाणीत बोलायचा तसाच बोलला,
एकदाच.

आई, ड्वेन, मी, आणि काखेत बाहुली मारलेली टिली.
कॅपिटल रीफच्या बागेत जर्दाळू पिकले होते,
झाडाला टेकवलेली शिडी, शिडीशेजारी वजनकाटा,
पैसे टाकायला पत्र्याची पेटी, राखण कुणाची नाही.
आईने टोपीत मावतील तेवढे घेतले.
मग रस्ता संपला आणि वाळू सुरू झाली.

दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येत गेल्या,
चर्चमध्ये माणसं सरकून जागा देतात
त्याच्या बरोबर उलट.
खडकावर वरून खाली काळे ओघळ,
उतू गेलेलं दूध पातेल्यावर करपतं तसे.
ड्वेनने हाक मारली, भिंतीने चघळून परत दिली.
टिलीने विचारलं, इथली नदी कुठे गेली?
"येते कधीकधी," बाप म्हणाला, "न विचारता,"
आणि आमच्या डोक्यांहून कितीतरी उंच
कपारीत अडकलेला ओंडका दाखवला.

त्यानंतर आम्ही कमी बोललो, जास्त प्यालो.

वळण दिसत होतं.
त्याच्यावर ऊन असं पडलं होतं
की पलीकडे कुणीतरी दिवा लावून बसलंय.
पलीकडे कमान आहे, ड्वेन म्हणत होता,
अख्खं आभाळ मावेल एवढी,
शाळेच्या पुस्तकात चित्र आहे.
शंभर पावलं. फार तर दीडशे.

बापाने डबा उचलला, उजेडात धरला.
पाणी रेघेला टेकलं होतं.
"चला," तो म्हणाला,
आणि त्याची पाठ वळणाकडे झाली.

ड्वेन रडला. चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला.
मी रडले नाही. मी डबा बघत राहिले,
परतीच्या वाटेवर, घोटाघोटाला.

गाडीपाशी पोचलो तेव्हा तळाशी तीन बोटं उरलं होतं.
आईने ते टिलीच्या मानेवर ओतलं.
"उरलं की!" मी ओरडले. "उरलं होतं की पाणी!"
"उरलं म्हणून तर ओरडतेयस," बाप म्हणाला
आणि टायरला लाथ मारून हवा बघितली.

वर्षभर मी त्याला पाण्यात पाहिलं.
त्याच तीन बोटं पाण्यात.

आता त्याची मूत्रपिंडं थकलीत.
डॉक्टरने दिवसाचं पाणी ठरवून दिलंय,
आणि त्याने पेल्यावर रेघ ओढलीय,
हात कापतो म्हणून जरा नागमोडी,
नकाशातल्या दरीसारखी.
आई गेली. ड्वेन अलास्कात, नाताळला फोन करतो.

शनिवारी, मशीनच्या घरघरीत, तो एकाएकी म्हणाला,
"मेर्ना, त्या वळणापलीकडे काय असेल गं?"

चाळीस वर्षं!
मला वाटायचं, त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता.

मी जाऊन आलेय. मागच्या ऑक्टोबरात, माझ्या पोरांना घेऊन.
कमान नाही.
एक कॉटनवूड आहे, एका अंगाने वाळलेला,
बुंध्याशी ओलसर वाळू, तिच्यावर रानमेंढ्यांचे खूर,
आणि पुढे आणखी एक वळण.
धाकटी म्हणाली, एवढंच?
मी मात्र बराच वेळ बसून राहिले,
कुणाच्या तरी घरात
न विचारता शिरल्यासारखी.

"माहीत नाही," मी म्हणाले.
"आम्हीपण अर्ध्यावरूनच फिरलो."

तो काही बोलला नाही.
नळीतून त्याचं रक्त बाहेर गेलं, धुऊन परत आलं.
मग डोळे न उघडता त्याने विचारलं,
"बाटल्या केवढ्या होत्या?"